औषधाचा मुक्काम किती दिवसांचा, हे कोण ठरवणार?

माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असायचं आणि त्यात दर दुसऱ्या शनिवारी लाल पेनाने गोल केलेला. तो गोल म्हणजे तिच्या संधिवाताचं इंजेक्शन. औषधाचं नाव अडालिमुमॅब, ती मात्र त्याला ‘पंधरवड्याची सुई’ म्हणायची. सुई फ्रिजमध्ये ठेवायची, वीज गेली की बर्फाचा डबा शोधायचा, कुणाचं लग्नकार्य निघालं की तारीख आधी त्या लाल गोलाशी ताडून पाहायची. एकदा तिने मला विचारलं, “अरे, हे महिन्याने घेतलं तर नाही का चालणार? पंधराच दिवस का?” मी वेळ मारून नेली. खरं उत्तर मला माहीतच नव्हतं.

उत्तर शोधता शोधता माझं एक मत पक्कं होत गेलं. प्रतिपिंडांपासून, म्हणजे अँटिबॉडीपासून, बनवलेलं औषध शरीरात किती काळ टिकावं हे आज बऱ्याच अंशी माणूस ठरवू शकतो. दोन-तीन अमिनो आम्लं बदलली की तीन आठवड्यांचा मुक्काम दहा आठवड्यांचा होतो. इतकी मोठी गोष्ट हातात आल्यावर ती कुणासाठी, किती आणि कुठल्या रोगात वापरायची हा सार्वजनिक प्रश्न होतो. आज तो प्रयोगशाळेत आणि कंपनीच्या हिशेबाच्या वहीत सुटतो, आपल्यापर्यंत पोचते ती फक्त खोक्यावर छापलेली सूचना. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी हा मुक्काम येतो कुठून ते पाहू. रक्तातली बरीचशी प्रथिनं काही दिवसांत मोडीत निघतात. पण आपल्या संरक्षणाचं मुख्य काम करणारे आयजीजी जातीचे प्रतिपिंड मात्र चिवट. त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे साठा निम्म्यावर यायला लागणारा काळ, साधारण २१ दिवसांचं असतं. हे कसं, याचा तर्क पहिल्यांदा लढवला वेल्समधल्या बँगर इथले प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रॅम्बेल यांनी. आईच्या अंगातले प्रतिपिंड पिल्लाच्या अंगात जातात कसे, हे ते वर्षानुवर्षं सशांमध्ये अभ्यासत होते. त्यांना दिसलं की ही वाहतूक सरसकट होत नाही, कुणीतरी निवड करतं. आणि जे कुणी निवड करतं तेच मोठेपणी या प्रतिपिंडांना मोडीपासून वाचवत असावं, असं त्यांनी १९६४ मध्ये मांडलं. तो निवड करणारा रेणू प्रत्यक्ष हाती लागायला १९८९ उजाडलं. आज त्याला एफसीआरएन म्हणतात, त्यातल्या शेवटच्या ‘एन’चा अर्थ ‘नवजात’. म्हणजे आईने बाळाला वारेतून दिलेली शिदोरी आणि म्हाताऱ्या मावशीच्या अंगात टिकणारी सुई, दोन्हींचा राखणदार एकच. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

त्याचं काम सुपात धान्य पाखडण्यासारखं आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी भोवतालच्या द्रवाचे घोट घेत असतात. घोट आत गेला की एका पिशवीत बंद होतो आणि पिशवीतलं वातावरण आम्लधर्मी होत जातं, सामू (पीएच) ७.४ वरून ६ च्या आसपास उतरतो. या आंबट वातावरणातच एफसीआरएन प्रतिपिंडाच्या शेपटाला धरून ठेवतो. बाकीचं सगळं पुढे पचवायला जातं, धरलेला दाणा मात्र पुन्हा रक्ताच्या काठाशी आणला जातो. तिथे सामू परत ७.४ होतो, पकड सुटते आणि प्रतिपिंड रक्तात मोकळा. ही पकड आम्लात घट्ट आणि रक्तात सैल असणं, यातच सगळं गुपित आहे. रक्तातसुद्धा ती घट्टच राहिली तर दाणा सुपाला चिकटून बसेल आणि मुक्काम वाढायच्या ऐवजी कमी होईल.

एकदा हे कळल्यावर शेपटात फेरफार करणं ओघानं आलं. २००२ मध्ये ‘वायटीई’ हा बदल मांडला गेला: प्रतिपिंडाच्या जड साखळीतल्या २५२, २५४ आणि २५६ या जागांवरची तीन अमिनो आम्लं बदलायची. पुढे ‘एलएस’ नावाचा, दोनच जागांवरचा बदल आला. तेराशेच्या घरात अमिनो आम्लं असलेल्या रेणूत एवढीशी दुरुस्ती, पण पकड आम्लात कितीतरी पटींनी घट्ट झाली आणि माणसांत अर्धायुष्य दुपटी-चौपटीने वाढलं.

याचं सगळ्यांत लखलखीत फळ बाळांच्या वाट्याला आलं आहे. आरएसव्ही हा विषाणू आपल्याकडे नावाने कमी लोकांना ठाऊक आहे, पण लहान बाळाची छाती भरते, श्वास लागतो, दूध ओढता येत नाही, हे दृश्य कुठल्याही आशाताईला विचारा. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं याने दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्याही आतली. आणि यातले ९७ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. या विषाणूविरुद्ध पालिविझुमॅब नावाचा प्रतिपिंड १९९८ मध्येच आला. पण त्याचा मुक्काम नेहमीचाच, म्हणून साथीच्या हंगामात दर महिन्याला एक अशी पाच इंजेक्शनं. महागही इतकं की श्रीमंत देशांनीसुद्धा ते फक्त अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या बाळांपुरतं राखून ठेवलं.

निर्सेविमॅब आलं आणि चित्र पालटलं. त्यात वायटीईचा बदल आहे, अर्धायुष्य सुमारे ७० दिवस, म्हणून एकच इंजेक्शन किमान पाच महिन्यांचा हंगाम सांभाळतं. युरोपात त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत २०२३ मध्ये. स्पेनमधल्या गॅलिसिया प्रांताने सप्टेंबर २०२३ पासून सगळ्याच बाळांना ते द्यायला सुरुवात केली. दहातल्या नऊहून अधिक बाळांपर्यंत ते पोचलं आणि आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल होण्यापासून सुमारे ८२ टक्के संरक्षण मिळालं. पाच वेळा बोलवायचं असतं तर दहातली नऊ बाळं पाचही वेळा आली असती का? माझं उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे. त्या तीन अमिनो आम्लांनी औषधाचं आयुष्य वाढवलंच, पण औषध निवडक बाळांच्या हातून काढून सगळ्या बाळांच्या हाती दिलं.

एवढं वाचल्यावर वाटेल की मग सगळीच औषधं दीर्घायुषी करावीत. इथेच थांबायला हवं, आणि त्यासाठी दूर जायची गरज नाही. कुत्रा चावल्यावर जखमेत भरण्यासाठी पूर्वी फक्त घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंड, वापरत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सबरोबर त्याऐवजी मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्यातला, प्रतिपिंड बनवला. घोड्याचं औषध वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० युनिट लागतं, याचे ३.३३ युनिट पुरतात. या प्रतिपिंडाला खरं काम फक्त पहिल्या आठवड्याचं. तोवर रेबीजच्या लशीने शरीर स्वतःचे प्रतिपिंड बनवायला लागतं. उलट बाहेरून दिलेले प्रतिपिंड फार मोठ्या प्रमाणात आणि फार काळ रक्तात रेंगाळले तर लशीचा परिणाम मंदावण्याचा धोका. म्हणून इथे दीर्घ मुक्काम मागणं चूक. गरज आहे ती वेळेवर, जखमेत आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळण्याची.

काही वेळा तर अगदी थोडा मुक्कामच हवा असतो. रक्त पातळ करणारं डाबिगाट्रान घेणाऱ्या माणसाला अचानक शस्त्रक्रिया करावी लागली, तर इडारुसिझुमॅब नावाचा प्रतिपिंडाचा तुकडा देतात. त्याला शेपूटच नाही, त्यामुळे एफसीआरएन त्याला वाचवत नाही. काम झालं की काही तासांत तो निघून जातो आणि रुग्णाला पुन्हा नेहमीचं औषध सुरू करता येतं. स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनियासारख्या आजारात शरीराचेच प्रतिपिंड शरीरावर उलटतात, तिथे एफगार्टिजिमॉड हे औषध त्या राखणदारालाच अडवून ठेवतं, म्हणजे त्रास देणारे प्रतिपिंड लवकर मोडीत जातात. एकच यंत्रणा, पण हेतू बरोबर उलटा.

आणि लांब मुक्कामाची एक खरी किंमत असते: एकदा दिलेलं परत घेता येत नाही. गोळी थांबवली की दोन दिवसांत उतरते, हे उतरायला महिने लागतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरचं नाटालिझुमॅब २००५ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं होतं, कारण काही रुग्णांच्या मेंदूत एका सुप्त विषाणूने डोकं वर काढलं. कडक अटींवर ते २००६ मध्ये परतलं. पण असा त्रास झालाच तर औषध अंगातून काढायला अख्खं रक्तद्रव बदलावं लागतं. दुसरा धडा कोविडचा. एव्हुशेल्डमध्ये वायटीईवाले दोन प्रतिपिंड होते, अर्धायुष्य तीन महिन्यांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ते आणीबाणीच्या वापरासाठी खुलं झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबलं. औषध अंगात शाबूत होतं, विषाणूच बदलला होता. ज्या रोगाचं रूप दर हंगामात पालटतं तिथे दीर्घायुषी प्रतिपिंडावर मोठा पैसा लावण्याआधी दहादा विचार करावा, असं माझं म्हणणं आहे.

आता पैशाचा भाग. हा मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. पीएनएच नावाच्या रक्ताच्या एका दुर्मीळ आजारात एकुलिझुमॅब २००७ पासून वापरतात. दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं, अमेरिकेत वर्षाचा खर्च पाच लाख डॉलरच्या घरात. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच कंपनीचं रॅवुलिझुमॅब आलं. मूळ रेणूत चार बदल: दोन लक्ष्याची पकड आम्लात सोडणारे, दोन ‘एलएस’चे. मुक्काम ११ दिवसांवरून सुमारे ५० दिवसांवर गेला आणि डोस दर आठ आठवड्यांनी झाला. वर्षातून २६ वेळा सुई टोचून घेणाऱ्या माणसाला हे वरदान आहे, यात मला शंका नाही. पण चाचण्यांमध्ये नवं औषध जुन्याइतकंच परिणामकारक ठरलं, सरस नाही. वर्षाची किंमत जराशीच उतरली. आणि जुन्याच्या स्वस्त प्रतिकृती बाजारात यायच्या आत रुग्ण नव्या पेटंटच्या छत्राखाली गेले. रुग्णाची सोय आणि कंपनीची मक्तेदारी एकाच सुईतून आली. ती वेगळी कशी करायची?

भारताकडे यासाठी हत्यार आहे. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप परिणामकारकतेत लक्षणीय वेगळं नसेल तर ते नवं मानायचं नाही. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं की परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. त्या औषधाची नवी स्फटिकरूप अवस्था रक्तात ३० टक्के जास्त उतरते, एवढ्यावर न्यायालयाचं समाधान झालं नाही. त्याने रुग्णाला काय मिळालं ते पुराव्याने दाखवा, असं म्हटलं. माझ्या मते दीर्घायुषी प्रतिपिंडांना हीच कसोटी लावावी. ‘अर्धायुष्य चौपट झालं’ हे वाक्य पुरेसं मानू नये. जिथे कमी फेऱ्यांमुळे उपचार पुरा होतो, एरवी तो अर्धवट राहिला असता, तिथे वाढलेले दिवस हा उपचाराचाच भाग आहे. कंपनीने ते आपल्यासारख्या रुग्णांत दाखवून द्यावं आणि हक्क मिळवावा. जिथे फक्त सोय वाढली आहे तिथे सोयीचे पैसे मिळावेत, वीस वर्षांची मक्तेदारी नाही.

कुणी म्हणेल, अशाने कंपन्या संशोधनच थांबवतील. हा आक्षेप मी हलका समजत नाही. वायटीईचा बदल एका कंपनीच्या प्रयोगशाळेतच जन्मला, हे खरं आहे. पण त्याच्या मागे ब्रॅम्बेल यांचे ससे आहेत, विद्यापीठांतली तीन-चार दशकांची मेहनत आहे आणि तिला लागलेला सरकारी पैसा आहे. पाया सगळ्यांनी मिळून घातला असेल तर वरच्या मजल्याचं भाडं ठरवताना सगळ्यांना विचारावं लागेल.

या चर्चेत आपल्याच मुंबईने घालून दिलेला एक धडा मला फार मोलाचा वाटतो. निवोलुमॅब हे कर्करोगावरचं औषध नेहमी २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी देतात. पण सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं की एका डोसनंतर रक्तात औषध जवळपास सापडेनासं झालं तरी ते आपल्या लक्ष्याला, पेशींवरच्या त्या ग्राहीला, दोन महिन्यांहून अधिक काळ धरून बसलेलं असतं. म्हणजे रक्तातला मुक्काम आणि कामाचा मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांत चाचणी केली. सगळ्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं आणि निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. तीन आठवड्यांचा हिशेब धरला तर नेहमीच्या डोसचा हा अठरावा हिस्सा. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

या चाचणीत पूर्ण डोसशी तुलना नव्हती, त्यामुळे छोटा डोस मोठ्याइतकाच चालतो असं तिच्यावरून म्हणता येणार नाही. पण तंबाखूने तोंड गमावलेल्या ज्या रुग्णाला पूर्ण डोस आयुष्यात कधी परवडणार नव्हता, त्याच्यासाठी तुलना होती ‘थोडं’ आणि ‘काहीच नाही’ यांची. अशी चाचणी करण्यात औषध विकणाऱ्याचा फायदा कधीच नसतो. ती सार्वजनिक रुग्णालयच करू शकतं, आणि त्यासाठी सार्वजनिक पैसाच लागतो. माझी मागणी इथे अगदी साधी आहे. सरकारी योजनांतून ज्या प्रतिपिंडांवर पैसा खर्च होतो, त्या प्रत्येकाबाबत दोन डोसांमधलं अंतर वाढवता येईल का, डोस कमी करता येईल का, याची चाचणी आपल्या देशात व्हावी. आणि किंमत ठरवताना कुपीची किंमत न पाहता एका वर्षाच्या, किंवा संरक्षण मिळालेल्या एका दिवसाच्या खर्चाशी तुलना करावी. आठ आठवड्यांची कुपी चार कुप्यांच्या भावात विकली तर रुग्णाच्या पदरात बसभाड्याखेरीज काय पडलं?

हे सगळं मनात ठेवून मेळघाटाकडे पाहावं. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या आदिवासी गावांत महान ट्रस्टच्या सहभागाने आरएसव्हीचा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयापर्यंत न पोचता गावातच दगावलेल्या बाळांचाही माग काढला गेला. ही बाळं एरवी कुठल्याच आकड्यात येत नाहीत. गर्भवतीला देण्याची आरएसव्हीची लस आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सगळ्या देशांना लस किंवा दीर्घायुषी प्रतिपिंड यांतला एक मार्ग स्वीकारायला सांगितलं आहे. लस स्वस्त पडेल, पण तिचे प्रतिपिंड बाळापर्यंत पोचतात ते वारेतून, आणि तेही मुख्यतः शेवटच्या महिन्यांत. जे बाळ आठव्या महिन्यातच जन्मलं त्याच्यापर्यंत शिदोरी पोचलेलीच नसते. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं मेळघाटात किती असतात ते वेगळं सांगायला नको. तिथे लस आणि प्रतिपिंड दोन्ही लागतील.

निर्सेविमॅबची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत होती एका डोसला ४९५ डॉलर. त्या भावात ते धारणीला जाणार नाही. पण प्रतिपिंड मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात बनवण्याची विद्या पुण्यात आहे, हे रेबीजने दाखवून दिलं आहे. सरकारने आधीच सांगावं की आम्हाला एकाच इंजेक्शनात पाच महिने टिकणारा प्रतिपिंड हवा, तो बाळंतपणाच्या वॉर्डात देता यावा, इतक्या बाळांसाठी, इतक्या भावात, आणि आम्ही तो इतकी वर्षं विकत घेऊ. असा लेखी शब्द मिळाला की कारखान्यालाही पुढचा हिशेब करता येतो.

उपजिल्हा रुग्णालयात जून महिन्यात एक बाळ जन्मलं, समजा. आरएसव्हीचा जोर आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग असतो. तिसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन गावाकडे निघेल, चार दिवसांत ओढ्यांना पाणी येईल आणि रस्ता बंद होईल. पुढच्या महिन्याच्या इंजेक्शनसाठी ती परत येऊ शकणार नाही, तसं सांगून उपयोगही नाही. ती वॉर्डातून निघेल त्या सकाळी बाळाच्या मांडीत जे टोचलं जाईल, तेवढंच त्याला नोव्हेंबरपर्यंत पुरवायचं आहे.